उघडून बघितलं म्हणाले

"मासे ठेवता का हो यात?"

काउंटरवरच्या माणसाने माझा लॅपटॉप नाकाजवळ नेला आणि हे विचारलं. हळू नाही. टोकन घेऊन बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. शेजारच्या काउंटरवरची मुलगी मान खाली घालून हसली. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या एका बाईने पर्स या खांद्यावरून काढून त्या खांद्यावर घेतली.

आणि मी काय केलं? मी पण हसले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की मी पहिल्यापासून मोठी लढवय्यी होते. नव्हते. मी हसले आणि म्हणाले, "नाही हो सर, बॅगेचा येत असेल."

कंपनीचं नाव सांगत नाही. प्रकरण चालू आहे. घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर त्यांचं सर्व्हिस सेंटर आहे, आत शिरलं की थंडी वाजते. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन अर्धी उघडली तर दिसायची, पूर्ण उघडली की काळी. पाच दिवस मी मान वाकडी करून काम केलं. मग मानच आखडली, आणि शेवटी स्क्रीन अर्धी उघडली तरी काळीच राहायला लागली.

मशीन सेकंड-हँड. मुलुंडच्या एका माणसाकडून घेतलेलं, रीतसर. त्याने मूळ बिल दिलं होतं, वॉरंटीचे चार महिने बाकी होते. वॉरंटीचं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. हमी मशीनला आहे, मालकाला नाही. मालक बदलला तरी चालतं. तसं स्वच्छ लिहिलंय त्यात.

तरी काउंटरवरच्याने बिल बघितलं, मग मला बघितलं. "हे नाव तुमचं नाही. तुम्ही राहता कुठे?"

"माहुल."

"माहुल म्हणजे... कोळीवाडा?"

"हो."

"मग हा लॅपटॉप तुमच्याकडे आला कसा?"

त्याने माझ्यासमोर मुलुंडच्या माणसाला फोन लावला. स्पीकरवर. "सर, तुमचा लॅपटॉप एका मुलीकडे सापडलाय." सापडलाय म्हणाला. आणला नाही, सापडला. पलीकडून आवाज आला, "हो हो, विकला मी तो. पण आता जे काय असेल ते तिचं ती बघेल. मला मध्ये घेऊ नका." फोन बंद. मी चोर नाही हे असं सगळ्यांसमोर सिद्ध झालं. कुणी सॉरी म्हणालं नाही. मी "थँक यू सर" म्हणाले.

हे मशीन माझ्यासाठी काय होतं ते सांगते. डॉक्टर लोक पेशंटची माहिती बोलून ठेवतात. ती हेडफोन लावून ऐकायची आणि टाइप करायची, असं घरून करायचं काम मला मिळालं होतं. तीन महिने कच्चं, मग पक्कं. अट एकच. मशीन तुमचं स्वतःचं, आणि बंद पडलं तर आठ दिवसांच्या आत पुन्हा चालू झालं पाहिजे. माझ्या घरात माशांशिवाय दुसरं काम करणारी मी पहिली. बाबांची खाडीत जाणारी होडी आहे. आई टोपली घेऊन चेंबूरच्या बाजारात बसते. मी एका कोपऱ्यात टेबल मांडून बसायचे, आणि आई बाजारातून आली की लांबूनच विचारायची, "चाललंय का गो तुझा डाक्टर?" तिला वाटायचं एकच डॉक्टर आहे आणि तो दिवसभर माझ्याशीच बोलतो.

लॅपटॉप सोमवारी दिला. बुधवारी फोन आला, घेऊन जा.

काउंटरवर तोच माणूस. "मॅडम, आमच्या इंजिनिअरने पूर्ण उघडून बघितलं. आत खारं पाणी गेलंय. बोर्डावर मीठ धरलंय. ही तुमच्या हाताने झालेली खराबी आहे, वॉरंटीत बसत नाही."

मग त्याने कागद पुढे केला. इंग्रजीत होता. मराठीत सांगते. 'मशीनला माशांचा तीव्र वास. आत खाऱ्या पाण्याने गंज. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान. दुरुस्ती नाकारली.' खाली सहीची जागा.

मी सही केली.

कारण मला ते खरं वाटलं. खरं म्हणजे मला ते आधीपासूनच खरं वाटत होतं. शाळेत बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने जागा बदलून मागितली, तेव्हापासून मला वाटत आलंय की आमच्या अंगातच काहीतरी आहे, जे धुऊन जात नाही. आमच्या गावाच्या मागे तेलाच्या टाक्या आहेत. त्यांचा उग्र वास आमच्या भिंतींतसुद्धा शिरलाय. त्या वासाबद्दल मला आजवर कुणी काही विचारलं नाही. विचारतात ते माशांबद्दल.

घरी गेले आणि आईवर तुटून पडले.

इथे दसऱ्याचं सांगायला हवं. आमच्याकडे दसऱ्याला होडीच्या इंजिनाची पूजा होते. हार वगैरे सगळेच घालतात. आमच्या घरात आणखी एक पद्धत आहे. इंजिनाच्या एकेका बोल्टला ओल्या कुंकवाचं बोट लावायचं. एकही सुटता कामा नये, कारण खाडीत बोल्ट सुटला तर माणूस जातो. हे काम आईचं. मशीन घेतल्यावर आलेल्या दसऱ्याला तिने मला न विचारता माझा लॅपटॉप पाटावर घेतला, पालथा केला, आणि मागच्या बाजूच्या अकराच्या अकरा स्क्रूंना कुंकू लावलं. तिच्या हिशेबाने जिथे स्क्रू असतात तीच मशीनची खरी बाजू. स्क्रीन आणि बटणं म्हणजे नुसतं झाकण. तेव्हा मी कपाळावर हात मारला होता, वरवर पुसलं होतं. खाचांमधलं काही निघालं नव्हतं.

आता मी ओरडले, "तुझ्या ओल्या हातांनी वाट लागली माझी! पाणी घातलंस ना त्यात? कुंकवाचं पाणी, मिठाचे हात! सांगितलं होतं, माझ्या वस्तूला हात लावू नकोस. वास येतो तुझ्या हातांना."

वास येतो तुझ्या हातांना. हे मी बोलले. काउंटरवरच्या माणसाने नाही. मी.

आई एवढंच म्हणाली, "एकेक बोट तर लावला गो बाय. पानी नाय घातला."

मी तिचं ऐकलं नाही. त्या माणसाचं ऐकलं. त्याच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा होता, त्याच्याकडे छापील कागद होता. आईकडे काय होतं?

पुढचे दोन दिवस आई माझ्या कोपऱ्याकडे आली नाही. पाणी हवं का विचारायचं तर दारातून. जेवणाचं ताट ठेवायची ते जमिनीवर, टेबलापासून हातभर लांब. बाबा मधे पडले नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून बसलेली असायचे, समोर बंद मशीन. कानात हेडफोन नाही, कुणाचा आवाज नाही. फोनवरून ऑफिसला मेल केला, कंपनीला मेल केला. कंपनीचं उत्तर मिनिटात आलं: आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत, निर्णय अंतिम आहे. माणसाने लिहिलेलं नव्हतं ते. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, आणि माझ्या एकटेपणाला घरातच मी दार लावून घेतलं होतं.

शनिवारी सकाळी मशीन भंगारात द्यायचं ठरवलं. पिशवीत घालताना पालथं झालं.

स्क्रूंच्या खाचांत कुंकू होतं.

अकरा स्क्रू. अकराही खाचांत वाळून घट्ट बसलेलं कुंकू. मी एका खाचेत टाचणी घातली, पापुद्रा निघून आला. म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं असतं तरी निघालं असतं. बाकीच्या दहांना मी हात लावला नाही.

ते मशीन कुणी उघडलंच नव्हतं.

मी तशीच उठले. आधी सगळ्या स्क्रूंचे जवळून फोटो काढले. मग बस पकडून घाटकोपरला गेले. या वेळी टोकन घेतलं आणि नंबर येईपर्यंत सरळ बसून राहिले. नंबर आल्यावर फोन काउंटरवर ठेवला आणि त्या माणसाला सांगितलं, "रेकॉर्डिंग चालू आहे."

तो हसला. "करा ना मॅडम, काय करायचंय ते करा."

"तुम्ही मशीन उघडून बघितलं होतं?"

"सांगितलं ना. पूर्ण उघडलं होतं."

"कुठून उघडतात?"

"मागून. स्क्रू काढून."

"सगळे काढावे लागतात?"

"सगळे काढल्याशिवाय उघडतच नाही ते."

मी लॅपटॉप पालथा केला. "मग या स्क्रूंमध्ये हे कुंकू कसं राहिलं? माझ्या आईने दसऱ्याला लावलंय. एका खाचेतलं मी आज सकाळी टाचणीने काढलं, ती ही. बाकीच्या दहा बघा."

तो वाकला. यावेळी नाक नाही लावलं. एका स्क्रूवर अंगठ्याचं नख फिरवलं, ते खाचेत शिरलं नाही, कुंकू तसंच राहिलं. मग शेजारच्या मुलीकडे बघितलं. तीही यावेळी हसली नाही.

"दुसऱ्या खाचेला हात लावू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. इतका मोठा होता.

मग मॅनेजर आला. मला केबिनमध्ये नेलं, पाणी विचारलं. फार गोड बोलला. "काहीतरी गैरसमज झालाय बघा. एवढं ताणायचं कशाला? आम्ही स्पेशल केस म्हणून आजच करून देतो. तासाभरात. फक्त इथे एक सही करा."

कागदावर लिहिलं होतं की माझी कसलीही तक्रार उरलेली नाही, आणि कंपनीने दुरुस्ती सद्भावनेने करून दिली आहे.

एक तास. सोमवारी आठ दिवस भरत होते. म्हणजे सही केली तर काम वाचत होतं. मी तो कागद दोनदा वाचला. खोटं कशाला बोलू, पेन हातात घेतलं होतं.

मग विचारलं, "आधीच्या कागदावर माशांचा वास लिहिलंय, आत मीठ लिहिलंय. ते खोडणार का? उघडून बघितलं नव्हतं असं लिहून देणार का?"

"ते सिस्टिममध्ये गेलंय मॅडम. ते बदलता येत नाही. आणि त्याने तुम्हाला काय फरक पडतो? तुम्हाला लॅपटॉप चालू होण्याशी मतलब."

हसणाऱ्यांचा मला राग आला होता. याचा त्याहून जास्त आला. न बघता माझ्या नावावर मीठ आणि गंज लिहून टाकायचा, आणि पकडले गेलात की सद्भावना दाखवायची. न केलेल्या चुकीची शिक्षा मी दोन दिवस भोगलीच होती. आणि माझ्या आईनेही.

मी पेन खाली ठेवलं. "सही नाही करणार."

"विचार करा. आत्ता गेलात तर मग आमच्याकडून काही होणार नाही."

"नका करू."

मशीन उचललं आणि जिना उतरले. रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले पण. येणारेजाणारे बघत होते, कुणी थांबलं नाही. थांबावं असंही वाटलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, "तू काही केलं नव्हतंस. त्यांनी उघडलंच नव्हतं."

ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग दुरुस्त करून का नाय आनलास?"

मी सांगायचा प्रयत्न केला. तिला पटलं नाही. "आमाला रोज कोन ना कोन बोलतंय. म्हनून काय धंदा सोडला का आमी? काम गेला ना तुझा?"

हो, गेलं. सोमवारी नऊ वाजता ऑफिसचा मेल आला. आता पहाटे मी आईबरोबर बर्फ फोडायला जाते आणि दुपारी एका झेरॉक्सच्या दुकानात टाइप करते. सगळे म्हणतात, नाक्यावरचा कुणीही अर्ध्या तासात स्क्रीनची वायर बदलून देईल. देईल की. पण त्यासाठी तो स्क्रू काढेल आणि कुंकू जाईल. म्हणून मशीन तसंच आहे. सुती कापडात गुंडाळून कपाटात. चालू असतं तर पोट भरलं असतं, बंद आहे म्हणून साक्ष देणार आहे.

ग्राहक आयोगात तक्रार मी स्वतः लिहिली, वकील नाही. पहिल्या तारखेला कंपनीचा वकील माझी सही दाखवत होता. ही तुमचीच ना? मी म्हणाले, माझीच. घाबरून केलेली आहे, पण माझीच आहे. बाहेर आल्यावर त्याने हळूच सांगितलं, नवं कोरं मशीन देतो, मिटवून टाका. बाबा म्हणाले घे. मैत्रीण म्हणाली वेडी आहेस का, घेऊन टाक यार. त्यानंतर तिचा फोनही कमी झाला.

आई अजून माझ्या टेबलाजवळून जाताना पदर आवरून घेते. मी किती वेळा सांगितलं, आई, लाव हात. ती म्हणते, राहू दे. माझं वाक्य मला परत घेता येत नाही, तिने ते मनात ठेवलंय. पण ते वाक्य माझ्या तोंडात आलं कुठून, हे मला माहीत आहे. त्या कागदावर ते अजून छापलेलं आहे.

पुढच्या तारखेला माझी एकच मागणी आहे. नवं मशीन नको, सद्भावना नको. हे मशीन सगळ्यांसमोर उघडा. मीठ निघालं तर मी तिथेच हरले म्हणून लिहून देईन. नाही निघालं, तर तो कागद काढा आणि ज्याने लिहिलं त्याच्याच हाताने, माझ्या आईसमोर, ती ओळ खोडा. तिला मी बाजारातून थेट घेऊन येणार आहे. टोपलीसकट. हात न धुता.