पाचवा टायर

शहाद्याला एसटी स्टँडमागे टायरचं एक दुकान आहे. मालकाचं नाव मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. त्याला एका जागी राहवतच नाही. गिऱ्हाईक बोलत असतं आणि हा गाडीभोवती फेऱ्या मारत एकेका टायरला अंगठ्याचं नख टोचून बघत असतो. बघून आपलाच जीव खालीवर होतो.

माझ्या जुन्या, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारला मला रुंद टायर आणि चकचकीत अलॉय व्हील हवी होती. फेरी न थांबवता तो म्हणाला, "भाऊ, तुमले गाडी चालाडनी शे का दखाडनी शे?" रुंद टायर वळताना पत्र्याला घासले असते. त्याने मूळ मापाचे अरुंदच बसवले, व्हीलही जुनीच ठेवली.

काढलेल्या टायरांची नक्षी शाबूत होती. त्याने एक गुडघ्यावर वाकवला, तर रबरात बारीक भेगा उघडल्या. लगेच खिशातून सुरी काढून त्याने चारही टायर बाजूने चिरले. मला विचारलंसुद्धा नाही.

मी ओरडलोच, "अहो, ते धडगावच्या व्हॅनवाल्याला द्यायचे होते! माप जुळतं त्याचं."

"घाटमा त्या व्हॅनमा धा मानसे बठतस, भाऊ."

मग त्याने डिकी उघडली. "स्टेपनी कोठे शे?"

तीही या चार टायरांइतकीच जुनी होती, आणि ती मी सकाळीच त्या व्हॅनवाल्याला देऊन टाकली होती. तसं सांगितलं, तेव्हा तो उघडी सुरी हातात घेऊन एका जागी उभा राहिला. त्याला असं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.