श्रावणी सोमवारी चुकतं कोण?

"मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीचा रिपोर्ट आला की उपवासवाल्या सगळ्या बायका पॅकिंगला," प्लँट मॅनेजर म्हणाले. "उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी येते, खराब माल पुढे जातो. सोमवारचे आकडे आहेत माझ्याकडे. तुम्ही फक्त शिक्कामोर्तब करा."

माझ्या शेजारी बसलेल्या प्रणालीचा चेहरा खर्रकन उतरला. कारण त्या बायकांत तिची आत्याही होती.

मी युनिव्हर्सिटीत जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे जीवशास्त्र आणि मानसशास्त्र एकत्र शिकायचा कोर्स आहे. प्रणाली चाकणजवळच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी. गावात तिला विचारतात, "मग तू शरीराची डॉक्टर व्हणार का डोक्याची?" वडील तर स्पष्टच म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवलास. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिला चाकणच्या एका कंपनीत मिळाला, तोही आत्याच्या ओळखीने. आत्या, म्हणजे सुमनताई, तिथे व्हिज्युअल इन्स्पेक्शनला आहेत. सोप्या भाषेत, दिव्याखाली बसून रबरी पार्ट डोळ्यांनी तपासायचे. काम बसून असतं. पॅकिंगला शिफ्टभर उभं राहावं लागतं, आणि सुमनताईंचे गुडघे कामातून गेलेले. प्रोजेक्टचा विषय होता, उपवासाचा लक्षावर परिणाम. भाचीच्या रिपोर्टने आत्याचं स्टूल जाणार, असा सगळा घोळ.

"सर, आकडे कसे काढले?" प्रणालीने विचारलं.

"सोपं आहे. सोमवारी उपवासवाल्यांचे ट्रे परत तपासले."

"आणि बाकीच्यांचे?"

"ते कशाला? त्यांचा कुठे उपवास असतो?"

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. ज्याच्यावर संशय त्याचीच झडती घेतली, तर चोर तिथेच सापडणार. हा तिच्या मानसशास्त्राचा पहिल्या वर्षाचा धडा. मी मान हलवली.

पुढच्या सोमवारी तिने दोन गट केले. उपवास करणाऱ्या आणि न करणाऱ्या. दुसऱ्या गटाला आम्ही कंट्रोल ग्रुप म्हणतो, म्हणजे तुलनेसाठी घेतलेली साधी माणसं. सगळ्यांच्या ट्रेमध्ये आधी मोजून ठेवलेले खराब पार्ट मिसळायचे आणि किती पकडले जातात ते बघायचं. शिवाय जेवणाच्या सुट्टीनंतर बोट टोचून रक्तातली साखर मोजायची.

"टोच की," सुमनताई म्हणाल्या. "पर आधी त्या साहेबास्नी टोच. मग आमी हायच."

साहेबांनी हसत बोट पुढे केलं.

दुपारी प्रणाली रडवेली होऊन आली. "मॅडम, प्रोजेक्ट गेला. दोन्ही गट सारखेच चुकतायत. आणि साखर कोणाचीच कमी नाही. उलट सगळ्यांची चढलेली आहे."

"रडू नकोस. उपवास नसणारेही तेवढेच चुकतात, म्हणजे आत्या सुटली."

"पण मग चुकतंय कशाने? ते नाही सांगितलं तर साहेब मानणार नाहीत."

खरं होतं. पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसात डबा उघडला. प्रणाली मात्र थेट कँटीनला गेली आणि पळतच परत आली.

"मॅडम, कंट्रोल ग्रुप खिचडीच्या लायनीत उभा आहे!"

मी जाऊन पाहिलं. पोळी-भाजीच्या काउंटरवर चिटपाखरू नाही. साबुदाण्याच्या खिचडीपुढे मात्र अख्खी कंपनी. उपवास नसलेले सगळ्यांत पुढे, आणि दुसऱ्यांदा प्लेट घेणारेही तेच. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याकडे उगीच नाही. साबुदाणा, दाणे, बटाटा, वर तूप. एवढं हाणून माणूस लगेच दिव्याखाली बसणार आणि एकसारखे काळे पार्ट बघत राहणार. शरीर सुस्तावतं, कामात नवं काही नाही म्हणून लक्षही सुटतं. दोन्ही विषय एकाच प्लेटमध्ये!

मॅनेजरांना प्रणालीने हेच सांगितलं.

"म्हणजे उपवासाचा काही संबंध नाही?"

"नाही सर. तुमचीही साखर चढली होती. तुमचा कुठे उपवास होता?"

साहेबांनी एकदा स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग ते खो खो हसले. "आमच्या मिसेसला सांगू नका. डाएटवर आहे मी."

पॅकिंगचा बेत तिथेच बारगळला. खिचडीची प्लेट लहान झाली, सोबत ताक आलं, आणि जेवणानंतर इन्स्पेक्शनवाल्यांना आळीपाळीने छोटी सुट्टी मिळू लागली. त्यानंतरच्या सोमवारी खराब पार्ट बऱ्यापैकी पकडले गेले. मला इतका आनंद झाला की येताना मी प्रणालीला पेढे दिले.

आता नव्या मुलांना मी एवढंच सांगते: कंट्रोल ग्रुप ठरवण्याआधी त्यांच्याबरोबर एकदा जेवा.

सुमनताई अजून त्याच स्टुलावर बसतात. भाचीचं कौतुक करतात का, असं मी एकदा विचारलं.

"कौतुक हाय की," त्या म्हणाल्या. "पर येवढं शिकून पोरीनं केलं काय, तर आमची खिचडी कमी केली!"