ठेवणीतली चार चाकं

वस्तू विकत घेऊन ती न वापरण्यात जो आनंद आहे, तो माझ्या मावसभावाइतका पुरेपूर लुटणारा माणूस सबंध यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल. आम्ही त्याला दादा म्हणतो. राळेगावजवळ त्याची शेती, कपाशी आणि सोयाबीन, घर खाऊनपिऊन सुखी. पण घरातली प्रत्येक चांगली वस्तू ठेवणीतली. आंब्याच्या दिवसांत तो आधी डाग पडलेले आंबे खातो आणि चांगले उद्यासाठी राखतो. उद्यापर्यंत त्यांनाही डाग पडतात, म्हणून मग ते आधी खावे लागतात. अशी आढीच्या आढी संपते, पण दादाच्या तोंडाला चांगला आंबा म्हणून लागत नाही. लग्नात मिळालेला सूट त्याने एखाद्या मोठ्या कार्यासाठी राखून ठेवला होता. मुलीच्या लग्नात तो पेटीतून काढला, तर आत दादाचा एक हात तेवढा मावला. "कापड पाह्य, कसं कोरंच्या कोरं हाये!" असं तो त्याही वेळी मोठ्या अभिमानाने सगळ्या पाहुण्यांना दाखवत होता.

असा माणूस दुसऱ्याने वापरलेली गाडी घेईल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला कारण झाली वहिनी. तिचं माहेर झरी जामणीकडच्या जंगलातलं एक लहानसं गाव, आणि माहेर म्हणजे एकटी आई. उन्हाळ्यात जाणं व्हायचं, पण पंचमीला कधीच नाही. कारण गावाच्या अलीकडे नाला आहे, त्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, कधीचाच वाहून गेलाय, आणि पलीकडचा चढ पावसाळ्यात नुसता काळा चिखल. सगळ्या सासुरवाशिणी पंचमीला माहेरी जायच्या तेव्हा वहिनी घरी लाह्या फोडत बसायची. एका वर्षी दादाने ते पाहिलं आणि म्हणाला, "थांब, मी तुले पंचमीले माहेरी नेतोच." हे तो मनापासून म्हणाला होता, याबद्दल मला आजही शंका नाही.

वणीकडच्या एका कंत्राटदाराची जुनी पिकअप विकाऊ होती, चारही चाकांना जोर देणारी. मला सोबत नेलं. दादाने ना इंजिन पाहिलं, ना टायर. नेहमीच्या गिअरशेजारी जो आखूड दांडा होता, जो ओढला की पुढची चाकंही जोर लावतात, त्याच्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "हा किती वापरला?" मालक म्हणाला, "कधीच नाही, कामच नाही पडलं." दुसरा कोणी असता तर दांडा चालतो की नाही हे आधी पाहिलं असतं. दादाचा चेहरा मात्र उजळला. जुन्या गाडीत त्याला एक कोरी वस्तू सापडली होती! घरी येताच त्याने वहिनीच्या जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवून घेतली आणि त्या दांड्याला घातली. गावातल्या मिस्त्रीचाचांनी बजावलं, "भाऊ, मधूनमधून लावत जा, नाही तो जाम हो जायेगा." त्यावर दादा दर रविवारी पिशवी काढायचा, दांड्याला तेल द्यायचा, मायेने पुसायचा आणि पुन्हा पिशवी घालायचा. लावायचा मात्र नाही.

पहिल्या पंचमीला आम्ही तिघं निघालो. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. पलीकडे वहिनीची आई छत्री घेऊन उभी होती, गाडी दिसताच हात हलवायला लागली. दादाने पिशवीला हात घातला, पाण्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "एवढुशा पाण्यासाठी कायले लावू? कधी खरं पाणी आलं तं मंग?" मी म्हटलं, "अरे, हेच खरं पाणी आहे!" वहिनी चपला काढून उतरायला निघाली, तर दादा कळवळला. "गाडी असून चालत जाशीन? लोकं काय म्हणतीन मले?" पलीकडे म्हातारी लुगडं वर खोचून पाण्यात पाय घालू लागली होती. वहिनीनेच तिला हातवारे करून थांबवलं. येताना दादा सारखा सांगत होता की पुढच्या वर्षी नक्की, आणि वहिनी हं म्हणत होती.

पुढच्या वर्षी नाला दुथडी भरून धावत होता. "याच्यात घातली तं गेरच खराब होईन," दादा म्हणाला. ते खरंही होतं. ना कमी ना जास्त, दादाच्या दांड्याला शोभेल असं पाणी त्या नाल्याला काही येईना.

तूर काढणीच्या दिवसांत म्हातारी गेली. निरोप आला तसे आम्ही निघालो. नाल्यात नुसती रेती होती. गाडी नुसत्या मागच्या दोन चाकांच्या जोरावर कधी पार झाली, दादाच्या ध्यानातही आलं नाही. मातीहून परतल्यावर तो गाडीला टेकून उभा राहिला, आणि मला म्हणाला, "मले वाटे, बुढी कुठं जाते." मला त्याचा संताप यायला हवा होता. पण इतकी कीव आली की मी त्याचा हात धरला.

त्यानंतरच्या पंचमीला वहिनीने माहेरचं नावही काढलं नाही. दादाच सकाळी तयार होऊन आला, मलाही बोलावून घेतलं. नाल्याला पुन्हा गुडघाभर पाणी. दादाने पिशवी काढून खिशात कोंबली आणि दांडा ओढला. इतकी वर्षं न वापरलेला, पण पहिल्याच झटक्याला लागला. गाडी पाण्यात उतरली, जराशी घुरघुरली, चिखलाचा चढ सहज चढली आणि वर जाऊन उभी राहिली. सगळा खेळ एक विडा चघळून होण्याआधीच संपला. दादाला घाम फुटला होता. त्याने भीतभीत वहिनीकडे पाहिलं.

वहिनी समोरच्या मोकळ्या वाटेकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं.

"किती सोपं होतं वो," ती म्हणाली.

दादाने गाडी बंद केली. खाली कोणीच उतरलं नाही.