स्वतःहून नाक्यावर गेलेले रशीदभाई

एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की रशीदभाई जीप बंद करायचे. नुसता वेग कमी करायचे नाहीत. चावी फिरवून इंजिनच बंद करायचे, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवायचे आणि बसून राहायचे. आत आम्ही कोंबलेलो. कोणाच्या मांडीवर तांदळाचं चुंगडं, कोणाच्या पायाशी पाय बांधलेली कोंबडी, मागे दांडा धरून लटकलेली माणसं. कडेच्यांना जंगल दिसायचं, मधल्यांना शेजाऱ्याची पाठ. हलायलाही जागा नसायची.

“चाला ना भाई, गेलं थे!” मागून कोणीतरी ओरडायचं.

“गेलं थे पहिलं,” रशीदभाई मागे न बघता म्हणायचे. “पहिलं हरीण रस्ता पायते. मागचे रस्ता नाई पायत, फक्त पहिल्याले पायते. थांबा जराशे.”

आणि झुडपातून एकामागून एक निघायचीच. माद्या, पाडसं, शेवटी एखादा शिंगांचा नर. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून आमच्याकडे असा बघायचा, की जणू पिंजऱ्यात आम्ही आहोत आणि तो तिकीट काढून आला आहे. मग चावी फिरायची. कॉलेजचा पहिला तास बुडालेला असायचा.

मी त्या जीपने रोज ब्रह्मपुरीला कॉलेजात जायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या गावाहून सकाळी एसटी नव्हती, होती ती रशीदभाईंची काळीपिवळी. आई-बाबा दोघंही दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जाणारे. आमच्या घरात पदवीचा पहिला कागद माझा, आणि मी हे कोणी न विचारताही सांगते. ड्रायव्हरशेजारची जागा रशीदभाई कॉलेजच्या पोरींसाठी राखून ठेवायचे. एखादा सरपंच येऊन बसला तरी त्याला म्हणायचे, “सरपंचसाहेब, तुमी मांगं चाला. या जागेवर उद्याची मास्तरीणबाई बसते.” मी मास्तरीण व्हायच्या कितीतरी आधी त्यांनी मला मास्तरीणबाई करून टाकलं होतं.

एकदा कॉलेजचं श्रमदान शिबिर जंगलातल्या एका तलावाजवळ भरलं. आमचं सामान रशीदभाईंच्याच जीपने गेलं. पहाटे तंबूबाहेर आलो तर काठावर चितळांचा कळप पाण्याला तोंड लावून. पोरं पुढे धावली. रशीदभाई टपावरून दोर सोडत होते, तिथूनच ओरडले, “ए हिरो! तुह्या घरी पावणे जेवाले बसले तर तू असाच धावतं का?” पोरं थांबली. त्यांच्या ओरडण्याने कळपही पळाला. “घ्या,” ते स्वतःवरच हसले, “मीच हाकलले.” हरणांवर प्रेम वगैरे शब्द त्यांच्या तोंडी कधी नव्हते. ‘लायनीत चालणारी माणसं’ असं ते हरणांना म्हणत, आणि माणसांना लाईन समजत नाही याचा त्यांना मनापासून राग होता.

मी शेवटच्या वर्षाला असताना ते घडलं. हिवाळ्यातली दुपार, कॉलेजातून परत येत होतो. एक चितळ गेलं, रशीदभाईंनी जीप बंद केली. मागून एक ट्रक हॉर्न देत आला. आम्ही का थांबलो आहोत हे बघायची त्याला फुरसत नव्हती. तो आम्हाला ओलांडून पुढे गेला, आणि तेवढ्यात मागची मादी रस्त्यावर आली. आवाज फार मोठा झाला नाही. ट्रक धुळीत गेला आणि मादी आमच्या जीपसमोर पडली. मागचे पाय गेले होते, पुढच्या पायांनी उठायचा प्रयत्न करत होती.

जीपमध्ये सगळे एकदम बोलू लागले. “भाई, लफड्यात पडू नोका, चाला.” “हात नोका लावू, सरकारचा माल हाये तो.” एकजण हळूच म्हणाला, “नाईतरी मरतेच हाये, वाटे पाडून टाकू.” रशीदभाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढचं पायीच गेला.

“नाक्यावर फारेस्टवाले हायेत, त्याहिच्याजवळ डाक्टर असते,” ते म्हणाले, आणि मागची बाकं रिकामी करायला सांगितली. माणसं कुरकुरत उतरली, पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या जीपने गेली. मी गेले नाही. आम्ही दोघांनी मादीला उचलून मागे बाकांच्या मधे ठेवलं. तिचं डोकं बाकाला आपटू नये म्हणून मी माझी ओढणी गुंडाळून ठेवली. नाक्याच्या अलीकडचा फाटा यायच्या आधीच ती गेली. मी सांगितलं, “रशीदभाई, गेली थे.” त्यांनी जीपचा वेग कमी केला नाही.

आता त्या फाट्यावर काय आहे ते सांगायला हवं. जंगलातून चोरून लाकूड-मांस नेणारी प्रत्येक गाडी त्या फाट्यावरून कच्च्या रस्त्याला वळते, कारण सरळ गेलं की नाका. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. आणि रशीदभाई मेलेलं चितळ गाडीत घेऊन सरळ गेले. फाटक बंद होतं तर त्यांनी हॉर्न वाजवून ते उघडायला लावलं.

नाकेदाराने जीपच्या मागची ताडपत्री उचलली. रक्त बघितलं, मग रशीदभाईंची दाढी बघितली. “कुठी कापणार होते, भाई?” त्याने विचारलं.

“कापाचं असतं तं तुमाले हॉर्न काऊन वाजवलं असतं?”

“हे सायबाले सांगा.”

संध्याकाळपर्यंत पंचनामा झाला, शिकारीचा गुन्हा नोंदला गेला आणि जीप वनखात्याच्या आवारात जप्त होऊन उभी राहिली. कोणतं कार्यालय ते मी मुद्दामच सांगत नाही. तिथली माणसं राक्षस नव्हती. गाडीत चितळ सापडलं तर काय लिहायचं हे त्यांना ठरवून दिलेलं होतं. गाडीवाला स्वतः चितळ घेऊन आला तर काय लिहायचं, हे मात्र कोणीच ठरवलेलं नव्हतं.

साहेबांनी सुटायचा रस्ता दाखवला. गुन्हा कबूल करा, तडजोडीने दंड भरा, जीप घेऊन जा. दंड काही घर विकावं लागेल असा नव्हता. मोहल्ल्यातले जाणते म्हणाले, भरून टाका. वकील म्हणाला, भरून टाका. रशीदभाई म्हणाले, “दार उघडंच हाये, मास्तरीणबाई. पण त्यातून निंगाचं तं ‘म्या मारलं’ असं म्हणत निंगा लागते. म्या मारलं नाई.”

झालं. त्या एका वाक्यात ते अडकले. तारीख पडायची, ते जायचे, पुढची तारीख घेऊन यायचे. कधी साहेब बदलून गेलेले, कधी सरकारी वकील रजेवर. दुसऱ्याची जीप रोजीने चालवायची म्हटलं तर तारखेच्या दिवशी सुट्टी कोण देणार? मालक बदलत गेले. घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर महिनाभर राहिले. तारखेला आले ते परत गेलेच नाहीत. ज्या रस्त्यावर त्यांच्या नावाने लोक वाट बघत, तिथे पोरं “ओ शिकारी” म्हणून हाक मारू लागली. कोणी थट्टेने मारायचं, कोणी खरं मानून. रशीदभाईंना दोन्हीतला फरक कळायचा आणि दोन्ही टोचायच्या.

घरी त्यांच्या पत्नी नूरभाभी शिवणयंत्रावर बसायच्या. दोघांची आपसातली बोली हिंदी, पण मी गेले की दोघंही आमच्या झाडीबोलीत बोलायची. एकदा भाभी माझ्यासमोरच म्हणाल्या, “याहिले सांगा ना तुमी. एक डाव झूट बोलले तं खुदा का याहिलेच पकडून बसणार हाये?”

“खुदा नाई,” रशीदभाई म्हणाले. “पण मंग मी रस्त्यानं कसा जाऊ?”

साक्षीदार म्हणून माझं एकटीचं नाव होतं. बाकीच्या प्रवाशांना त्या दिवशीचा ट्रक आठवेना. काहींना जीपही आठवेना. तोवर मी आलापल्लीकडच्या शाळेत शिक्षिका झाले होते. समन्स यायचं, मी रजा टाकून दोन एसट्या बदलून जायची, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात रशीदभाई सांगायचे, “आज नाई म्हणते. डबा आणला न? चाला, खाऊन घेऊ.” त्या व्हरांड्याच्या जाळीमागे बसून आम्ही इतके डबे खाल्ले की शिपाई आमच्यासाठी पाणी आणून ठेवायचा. माझे बाबा म्हणायचे, नोकरी लागली आहे, कशाला कोर्टात जातेस. मी म्हटलं, खरं बोलायला जाते. शिकवलंत कशाला मग?

शेवटी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, “ट्रकचा नंबर?”

“धुळीत दिसला नाही.”

“म्हणजे ट्रक होता हे फक्त तुम्हीच सांगता.”

“हो, मीच सांगते. मी पदवीधर आहे साहेब, ट्रक आणि जीप यातला फरक मला कळतो.”

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. मागे रशीदभाई मात्र ताठ बसले होते, जणू पदवी त्यांनाच मिळाली आहे. मग रशीदभाईंच्या वकिलाने नाकेदाराला विचारलं, गाडी तुम्ही अडवली का? तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, “नाही. त्यांनीच हॉर्न वाजवून फाटक उघडायला लावलं.”

रशीदभाई निर्दोष सुटले.

जीप आणायला मी त्यांच्यासोबत गेले. आवारात ती ओळखू येईना. टायर मातीत रुतलेले, टपातून वेल वर आलेला, बाकांच्या गादीत उंदरांचा संसार. बॅटरी नव्हती. स्टेपनी नव्हती. रशीदभाईंनी बॉनेटवरून हात फिरवला, हाताला लागलेला गंज बघितला आणि पँटला पुसला. “ढकलत नेऊ,” ते म्हणाले, “मिस्त्री बनवते.”

बाबूने रजिस्टर पुढे केलं. “इथं सही करा. गाडी होती तशी मिळाली.”

“होती तशी नाई मिळाली ना.”

“अहो, लिहायची पद्धत आहे ती.”

“पद्धत तुमची हाये, सही माही हाये. बॅटरी, स्टेपनी नाई असं लिहा, करतो.”

बाबू रडकुंडीला आला. तो नवीन होता. “तसं लिहिलं तर चौकशी माझ्यावर येते, भाई. मी तेव्हा इथं नव्हतोही. माझी लेकरं लहान आहेत.”

मी मनात म्हणत होते, करा सही, करा सही. रशीदभाईंनी पेनाला टोपण लावून ते बाबूच्या खिशात ठेवलं.

“मंग नोको लिहू, बापू. तुह्यावर येऊ नाई. पण माह्यानं सही नाई होत.”

जीप तिथेच राहिली. त्यानंतर काही वर्षांनी रशीदभाई गेले, तेव्हाही ती तिथेच होती.

त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी आलो तेव्हा भाभींनी अंगणातली लाकडं बाजूला सारून जीपपुरती जागा झाडून ठेवली होती. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. “गाडी कुठी हाये?”

रशीदभाईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “ऱ्हाऊ दे तिले तिथी. मी छुटलो न?”

भाभी यंत्राजवळ बसल्या. सुईत अडकलेलं कापड सोडवता सोडवता, मान वर न करता म्हणाल्या, “तुमी छुटले. मी कवा छुटू?”

वकिलाला, साहेबाला, बाबूला, सगळ्यांना ज्यांच्याकडे उत्तर होतं, ते रशीदभाई उठले, भाभींच्या हातातलं कापड काढून घेतलं, आणि न जमणाऱ्या बोटांनी त्याचा गुंता सोडवत तिथेच जमिनीवर बसले.