हिरव्या खुर्चीतले पाटील

पाटील गेल्याचं मला एका पोस्टरखाली कळलं. ‘रविवार पडदा’ या आमच्या ग्रुपवर रोहनने त्या सकाळी आपल्या नव्या वेब सिरीजचं पोस्टर टाकलं होतं. त्याखाली दिवसभर टाळ्या, हृदयं, ‘भाई कडक’, ‘प्राउड ऑफ यू’ असं सगळं चाललं होतं, आणि संध्याकाळी त्याच गर्दीत कुणीतरी एक ओळ लिहिली होती : मोरेश्वर पाटील सर आज दुपारी राई गावातल्या घरी वारले, हार्ट अटॅक. त्या ओळीच्या खालीसुद्धा दोघांनी रोहनचं अभिनंदन केलं होतं. वर काय लिहिलंय ते वाचायची तसदी कोण घेतो! मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. याला आता सात आठवडे झाले. दुःख जरा निवळलंय, राग निवळलेला नाही. रागाचा काही भाग माझ्या स्वतःवर आहे, म्हणून हे लिहायला बसले आहे.

पाटील मिरा-भाईंदरमधल्या हाटकेश भागात एका गाळ्यात, पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात सुपरवायझर होते. माणूस राईचा. घरची भातशेती होती, आजोबा-वडील मिठागरात राबलेले. रविवारी कारखाना बंद असायचा. मालकाला, म्हणजे गुजराती शेठना, त्यांनी कसं पटवलं कोण जाणे, पण शेठनी गाळ्याची किल्ली दिली ती एकाच अटीवर. “पाटील, पिच्चर देखो, लेकिन गत्ते पे चाय मत गिराना.” पाटलांनी मागची भिंत स्वतः पांढरी रंगवली, कुठून तरी एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता आमचा पडदा सुरू झाला. पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही मिरा-भाईंदरच्याच मुलामुलींनी, रिक्षावाल्यांनी, गृहिणींनी मोबाइलवर आणि उसन्या कॅमेऱ्यांवर काढलेल्या फिल्म बघायचो. मी सिल्व्हर पार्कला राहते, शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर मोबाइलवर एक दहा मिनिटांची फिल्म काढून मीही तिथे पोचले. ती संपल्यावर पाटील म्हणाले, “बाई, फिल्म जमली नाही. पण तुम्ही बघता नीट. पुढच्या रविवारी या.” इतक्या सरळपणे नापास करणारा माणूस मला आयुष्यात भेटला नव्हता. मी गेले, आणि जातच राहिले. स्पीकर आणि वायरींचं काम हळूहळू माझ्याकडे आलं.

पाटलांचे नियम होते आणि ते त्यांनी खोक्यांवर लिहायच्या जाड मार्करने पुठ्ठ्यावर लिहून टांगले होते. एक फिल्म एकदाच दाखवायची, कारण रांग मोठी. फिल्म चालू असताना दिग्दर्शकाने बाहेर टपरीवर थांबायचं, कारण तो आत असला की लोक पडद्याऐवजी त्याचा चेहरा बघतात. संपल्यावर त्याने आत येऊन पुढे ठेवलेल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि सगळे बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, सबब नाही. “काय उत्तर द्यायचं ते पुढच्या फिल्ममधून द्या,” असं ते म्हणायचे. त्या खुर्चीत भलेभले रडवेले झाले आहेत. रोहन तर पहिल्या वेळी चिडून निघूनच गेला होता, पाटलांनी त्याला काशिमीऱ्याला त्याच्या घरी जाऊन परत आणलं. आणि शेवटचा नियम असा, की ज्याची फिल्म दाखवली त्याने दुसऱ्याच्या शूटिंगला एक दिवस फुकट राबायचं. पाटील स्वतः हा नियम उलटा पाळायचे. त्यांची फिल्म कधी दाखवली गेलीच नव्हती आणि ते प्रत्येकाकडे राबायचे. रोहनच्या फिल्मसाठी उत्तनच्या किनाऱ्यावर तीन रविवार त्यांनी भर उन्हात कॅमेऱ्यावर छत्री धरली. तिथल्या एका नाना नावाच्या म्हाताऱ्याने विचारलं, “तुम्ही कोण यांचे?” तर म्हणाले, “मी छत्रीवाला.” अकरा वर्षं हा माणूस छत्रीवालाच राहिला... आणि आम्ही राहू दिला.

मग एकदा त्यांनी स्वतःची फिल्म काढायचं ठरवलं. आईवर, राईवर, मिठागरावर. ग्रुपवर तारीख टाकली, कोण येतंय असं विचारलं. रोहनला मीटिंग होती, एकाला लग्न, एकीला परीक्षा. माझा गुडघा दुखत होता. खरं सांगायचं तर तो रोजच दुखतो, त्या दिवशी काही वेगळा दुखत नव्हता. राईपर्यंत कुठे जायचं, असा आळस होता, दुसरं काही नाही. कुणीच गेलं नाही. पाटलांनी माइक कपडे वाळत घालायच्या काठीला बांधला आणि एकट्याने शूटिंग केलं. तक्रारीचा एक शब्द नाही. पण त्या दिवशी आमच्यातलं एक जरी माणूस गेलं असतं, तर निदान एकाला तरी ठाऊक असतं की त्या फिल्ममध्ये त्यांची आई बोलते.

फिल्म दाखवली तो रविवार मे महिन्यातला. गाळा तापलेला. पाटील नियमाप्रमाणे टपरीवर गेले, जाताना मला फक्त एवढंच म्हणाले, “बाई, आवाज जरा मोठा ठेवा. तिचा आवाज बारीक आहे.” मी मान डोलावली, डोक्यात घेतलं नाही. सुरुवातीला मिठागरं, वारा, चिखलात पावलांचा आवाज. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “बाई, पंखा लावा ना, मरतोय आम्ही!” एक्स्टेंशन बोर्डात जागा नव्हती. अंधारात मी एक प्लग काढला, मला वाटलं तो जास्तीच्या दिव्याचा, आणि पंख्याचा लावला. त्याच क्षणी पडद्यावर मिठागर गेलं आणि त्याच जागेवर उभी राहिलेली टॉवरची रांग आली. वारा थांबला, पावलं थांबली, सगळं चिडीचूप. मग दारात बसलेली एक म्हातारी, तिचे ओठ हलताहेत, हलतच आहेत, कॅमेरा हलत नाही, आणि आवाज नाही. गाळ्यात सगळ्यांनी श्वास रोखला. मीसुद्धा. मला वाटलं, वा पाटील! काय सुचलंय! इतकी वर्षं असल्या फिल्म बघून आम्ही एवढे शहाणे झालो होतो की बिघाड डोळ्यांसमोर असून आम्हाला त्यात कला दिसली. साध्या थिएटरातला प्रेक्षक पहिल्या मिनिटाला ‘आवाज, आवाज’ म्हणून बोंबलला असता.

पाटील आत आले, हिरव्या खुर्चीत बसले. कौतुक सुरू झालं. असं कौतुक त्या गाळ्यात कधी झालं नव्हतं. रोहन उठून म्हणाला, “सर, सेकंड हाफमधला सायलेन्स... म्हणजे ती बोलतेय आणि शहराला ऐकूच येत नाही! माइंडब्लोइंग आहे हे!” पाटलांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग बोर्डाकडे, मग माझ्याकडे. मी त्यांच्या नजरेमागून खाली पाहिलं तेव्हा मला माझ्या पायाशी पडलेला स्पीकरचा प्लग दिसला. मी तोंड उघडून सांगायला हवं होतं. मला नियम लागू नव्हता, तो खुर्चीत बसलेल्याला होता. पण सगळे इतके भारावले होते, आणि मला इतकी लाज वाटली... मी गप्प बसले. पाटीलही गप्प बसले. एकामागून एक माणूस त्यांनी न केलेल्या गोष्टीची वाहवा करत होता आणि ते गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी राईला गेले. गुडघा त्या दिवशी बरोबर चालला. ओसरीवर त्यांच्या आई भात निवडत होत्या. मला बघून त्यांनी आधी विचारलं ते हेच, “काय म्हणाली मंडली? मी बोलले ते कलला का त्यांना?” मी पाटलांकडे पाहिलं. ते म्हणाले, “सगल्यांना आवडला आई. टाल्या वाजवल्या.” बाहेर आल्यावर मी रडायलाच लागले. पुन्हा दाखवू या, मी सगळ्यांना खरं सांगते, असं म्हटलं. पाटलांनी ऐकलं नाही. “एक फिल्म एकदाच, बाई. मी मोडला तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?” मी चिडून म्हटलं, “अहो, नियम काय चाटायचाय?” तर हसले. “अकरा वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्या कामाला चांगलं म्हणाले. ते काम माझं नव्हतं, एवढंच.” त्यांचा हा हट्ट मला तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही. पण माझी बाजू ती काय होती? ते नको म्हणाले, तेवढ्यावर मी समाधान मानून घेतलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. रोहनने त्या मौनावर लांबलचक पोस्ट लिहिली, कुठल्याशा महोत्सवाने ‘ती मूक फिल्म’ मागितली, पाटलांनी तांत्रिक कारण सांगून नाही म्हटलं. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्यांच्या आई गेल्या.

पाटलांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त त्या घटनेच्या पुढच्या रविवारी मी स्पीकर लावायला गेले तर प्लगला पुठ्ठ्याचा एक तुकडा खोक्यांच्या टेपने चिकटवलेला. खोक्यांवर ते ‘ही बाजू वर’ लिहायचे, त्याच अक्षरात : हा काढू नये.

शोकसभा गाळ्यातच झाली. शेठ आले, गठ्ठ्यांवर चहाचे कप ठेवलेले बघून काही बोलले नाहीत. बरीच वर्षं न फिरकलेली माणसं आली, फोटो काढून झाले. रोहन चांगलं बोलला, तो आता चांगलंच बोलतो. सरांनी आवाज काढून टाकायचं धाडस केलं, असं म्हणून त्याने जाहीर केलं की त्या फिल्मचा शेवटचा भाग दाखवू या, सरांना हवा होता तसाच, आवाजाशिवाय. पहिल्या ओळीत पाटलांच्या पत्नी सुमनवहिनी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडून आदल्या दिवशीच फिल्म आणली होती. मी उठले आणि म्हटलं, “त्यांनी आवाज काढला नव्हता. मी काढला होता. पंख्यासाठी.” काही जण हसले, त्यांना वाटलं म्हातारी गंमत करतेय. मी सगळं सांगितलं, राईच्या शूटिंगला कोण कोण गेलं नव्हतं तेही नावानिशी सांगितलं. मग फिल्म लावली, आवाज मोठा ठेवला आणि दिग्दर्शकाच्या जागी मी जाऊन हिरव्या खुर्चीत बसले.

बारीकच आवाज होता. आई सांगत होत्या, कुठला बांध कुणाचा, कुठल्या कोंडीत, म्हणजे मिठागराच्या खणात, पाणी आधी घ्यायचं. “मिठागरान चप्पल घालून जायाचा न्हाय. मीठ रुसतं.” वहिनी तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. शेवटी, जिथे आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला होता त्या जागी, आई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “एवढी बडबडले मी. पिच्चरान माझा आवाज येल ना?” आणि कॅमेऱ्यामागून पाटील म्हणाले, “येल आई. सगल्यांना येल.”

दिवे लागले. मग रोहन घसा साफ करून म्हणाला, “बाई, डोन्ट माइंड... पण सायलेंट व्हर्जनमध्ये पॉवर जास्त होती.” दोन-तीन माना हलल्या. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, शाळेत कधी वापरल्या नाहीत असल्या. पण मी हिरव्या खुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर हात ठेवून मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. पाटलांना त्या रविवारी ते किती जड गेलं असेल ते मला तेव्हा कळलं.

सगळे गेल्यावर वहिनी म्हणाल्या, “बाई, वायरी काढा, निघू या आता.” शेठनी गाळा भाड्याने दिलाय, पुढच्या महिन्यात तिथे दुसरं कुणी येणार आहे. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळली, दिव्याची गुंडाळली, पंख्याची गुंडाळली. मग खाली वाकले. टेप पिवळी पडली होती, अक्षर तसंच होतं. मी मेन स्विच बंद केला आणि तो प्लग बोर्डातच ठेवून बाहेर आले.