नौफलची भुवई

झर्झीस या समुद्रकाठच्या गावातल्या बालवाडीत झाडलोट करणारी मबरूका मेणखडूचा एक तुकडा फेकत नसे. सगळे ओढणीच्या टोकात बांधून घरी न्यायची. बाई हसायच्या, "मावशी, या वयात चित्रकला?"

"नवऱ्याची हौस," ती म्हणायची.

ते खोटं नव्हतं. तिचा नवरा हादी जुना मासेमार, डोळे काचबिंदूनं गेलेले. एकुलता एक मुलगा नौफल इटलीला जायला होडीत बसला, त्याला चार वर्षं झाली. होडी ना तिकडे लागली, ना इकडे. घरातला एकमेव फोटो शोध घेणाऱ्यांनी नेला तो नेलाच. असता तरी हादीला काय उपयोग?

मग मबरूकानं शेगडीवर डबीत खडू वितळवले. चमच्यानं फळीवर थेंब सोडायचा, थिजला की त्यावर दुसरा. हळूहळू नौफलचं नाक वर आलं, गाल भरले. भुवया तिनं केसांच्या पिनेनं कोरल्या. ओठ हिरवे, कपाळ जांभळं, पण हादीला रंगाशी काय देणंघेणं! चहा झाला की तो त्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत बसायचा. मेण झिजायचं, ती पुन्हा थेंब सोडायची.

पुरुष हट्टी असतात, हादी त्यांचा मुकादम. मशिदीतले लोक पोराच्या नावानं मयताची नमाज पढून घ्या म्हणाले, तर काठी उगारली. "जित्या पोराची? पढा आपापल्या पोरांची!"

या ऑगस्टात खिडकीतल्या उन्हानं कपाळ ओघळलं. मबरूकानं ते नव्यानं बसवलं, भुवईतला व्रणही कोरला. नौफल लहानपणी जैतुनाच्या झाडावरून पडला होता, त्याचा.

संध्याकाळी हादीचं बोट तिथं अडलं.

"अगं, डावीकडे काय कोरलंस? व्रण उजवीकडे होता."

"डावीकडेच होता. मीच हळद भरली होती."

"आणि उचलून कुणी आणला? मी!"

"अहो, आई आहे मी त्याची!"

"मग आठव की नीट!"

ती आठवायला लागली. तिला दोन्हीकडे दिसला, मग कुठेच दिसेना. खात्रीनं सांगेल असा एकच माणूस होता, आणि तो समुद्रात.

हादीनं व्रणावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग त्यानं फळीवरचा हात काढून घेतला.

"असेल डावीकडे," तो म्हणाला. "तू म्हणतेस तसं."

उभ्या संसारात हादीनं तिचं कधी ऐकलं नव्हतं. मबरूकानं ओढणी तोंडात कोंबली, तरी तिचा हुंदका शेजाऱ्यांपर्यंत गेला.