विलायतेतली शाकारणी

माजिवड्याच्या किरिस्ताव आळीत डॉमनिक परेरा नावाचा माणूस होऊन गेला. खाडीच्या अंगाला त्याची चार भातखाचरं होती. पण त्याचं खरं नाव होतं ते छपरांपायी. ऊन चढायच्या आत वर चढावं आणि दिवेलागणीच्या आत छपराची एक अख्खी बाजू, एक पाखं, पेंढ्यानं शाकारून खाली उतरावं, असा हात ठाण्यापासून घोडबंदरापर्यंत दुसरा नव्हता. हे अभिमानानंच सांगायचं, कारण तो आमच्या गावचा.

विलायतेला जाऊन आलेली माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. कुणी लंडनचे दिवे सांगे, कुणी राणीचा वाडा. डॉमनिकनं यातलं काही पाहिलं नाही. त्यानं पाहिली ती तिथली खेडी, आणि कशी पाहिली ते ऐकण्याजोगं आहे.

ठाण्याला जंगलखात्यात हार्कर नावाचा साहेब होता. डॉमनिक सहा वर्षं त्याची बाग पाहत होता. ठाण्याला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली असतील, तेव्हा साहेब पेन्शनीत निघाला आणि म्हणाला, "डॉमनिक, वर्षभर माझ्याबरोबर चल. माझ्या गावची बाग लावून दे नि परत ये."

डॉमनिकला रात्रभर झोप आली नाही. साहेबांची खेडी कशी असतील? त्यांनाही चिखल लागत असेल का? त्यांच्या गाई कशा हंबरत असतील?

"जा बाबा, जा," त्याची बायको क्लारा म्हणाली. "नाहीतर मरेपर्यंत मलाच ऐकवशील, तू अडवलंस म्हणून. पण तिथं नीट राहा. लोकांच्या घरात न विचारता शिरायची खोड आहे तुला."

"लोकांच्या घरात कुठे? लोकांच्या छपरावर."

"तेच ते!"

साहेबाच्या गावाचं नाव विदकोम. डॉमनिक तिथं पोचला तेव्हा थंडी सरत होती. गाव एका उताराच्या कुशीत बसलेलं, मधून गुडघाभर पाण्याचा ओढा. घरं गुळाच्या ढेपेच्या रंगाच्या दगडाची. शेतांना बांध नव्हते, जिवंत झुडपांची कुंपणं होती, आणि त्यांच्या आत मेंढरं कापसाच्या बोंडांसारखी विखुरलेली. हे सगळं तो पाहतच राहिला. पण त्याचे पाय खिळले ते वेगळ्याच गोष्टीपाशी. घरांवर गवती छपरं होती!

"साहेब," तो म्हणाला, "तुमच्याकडेही काडाची छपरं?"

"मग तुला काय वाटलं? सोन्याची?"

रविवारी तो गावच्या चर्चमध्ये गेला. चर्च सातशे वर्षांचं. भिंतींत संतांसाठी कोनाडे होते, आणि सगळे रिकामे. डॉमनिकनं विचारलं तेव्हा साहेब म्हणाला, "तीनशे वर्षांपूर्वी आमच्याच लोकांनी फोडल्या मूर्ती." डॉमनिकला घरच्या वाटेवरची, परक्यांच्या स्वारीत छप्पर गेलेली फिरंग्यांच्या वेळची इगर्जी, म्हणजे चर्चच, आठवली. देऊळ मोडायला परकाच माणूस लागतो असं नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग मे महिना आला, आणि डॉमनिकच्या जिवाला घोर लागला.

आपल्याकडे मे महिना म्हणजे शाकारणीचा. जुना पेंढा उतरायचा, नवा चढवायचा. आळीतली सगळी माणसं एकेका घरावर मिळून चढतात आणि ज्याचं छप्पर तो सगळ्यांना जेवू घालतो. इथं मात्र ओढ्यावर काळे ढग येऊन बसले तरी एक माणूस शिडी लावीना. छपरांवर शेवाळ साचलेलं, काड काळं पडलेलं. ही माणसं बेफिकीर की आळशी?

साहेबाच्या कुंपणाला लागून हेस्टर नावाच्या एका विधवा म्हातारीचं घर होतं. डॉमनिक बागेत खपत असला की ती कुंपणावरून त्याला ताक देई, कधी गरम पाव. त्या गावचं इंग्रजी साहेबाच्या इंग्रजीहून निराळं होतं, तरी ताकाला भाषा लागत नाही. तिच्या छपराची दशा त्याच्यानं बघवेना. आमच्या आळीचा रिवाज असा, की विधवेच्या घरावर सर्वांत आधी चढायचं, आणि तेही तिला न विचारता. तिला मागायची पाळी येऊ नये म्हणून.

मंगळवारी हेस्टर बाजाराला गेली. तिच्या परसात काडाची गंजी होतीच. डॉमनिकनं शिडी लावली, क्रूस केला आणि दुपारपर्यंत एका पाख्याचं काड उतरवून अंगणात ढीग घातला. मग त्यानं गंजीतली पहिली पेंढी ओढली, आणि त्याच्या हातात भुगा आला.

ते काड यंत्रानं मळलेलं होतं. एक कांडी सलग नव्हती. ते गाईखाली अंथरायचं, छपरावर घालायचं नव्हे. डॉमनिक वर, त्याच्या पायाखाली नुसता जुना विरलेला थर, खाली घरात म्हातारीचा पलंग, आणि शाकारायला मूठभर काड नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. हेस्टरनं वर पाहिलं. ओरडली नाही. टोपली खाली ठेवून ती कुंपणाच्या दगडावर बसली आणि एवढंच म्हणाली, "डॉमनिक, मी तुझं काय वाईट केलं रे?"

गावचा शाकारणारा जेकब धावत आला. साठीचा, एका गुडघ्यानं अधू. शिडी चढून त्यानं उघड्या थरावर हात फिरवला.

"खालचा हा थर माझ्या बापानं घातला होता. राणी गादीवर बसली त्या साली. तू ओरबाडलास तो वरचा थर माझा. बाराच वर्षं झाली होती. अजून पंधरा गेला असता."

"बारा वर्षं?" डॉमनिकला आपले कान खरे वाटेनात. "एक थर?"

"तुमच्याकडे किती जातो?"

"एक पावसाळा."

"मग चढता कशाला? खालीच ओले होत बसा की!"

"आमच्याकडचा पाऊस तुम्ही पाहिला असतात, तर शिडी टाकून पळाला असतात."

जेकब हसला नाही, पण त्याच्या भुवया हलल्या.

साहेब मात्र लाल झाला. "शनिवारपर्यंत हे छप्पर होतं तसं कर. नाहीतर पुढच्या बोटीनं परत. आणि शिफारशीची चिठ्ठी मिळणार नाही."

चिठ्ठी नाही म्हणजे पुढं कुठलाच साहेब दारात उभं करणार नाही. पण डॉमनिकला त्याहून लागलं ते दुसरंच. माजिवड्याचा डॉमनिक एका विधवेचं छप्पर उघडं टाकून आला, हे तोंड घेऊन तो क्लारापुढं कसा उभा राहणार होता?

उघड्या पाख्यावर साहेबाचं जाड कापड ताणलं गेलं. जेकबनं आपल्या कोठारातलं हातानं झोडपलेलं लांब काड आणलं. पहिल्या दिवशी त्यानं डॉमनिकला छपराला हात लावू दिला नाही. "पेंढ्या बांध. बाकी काही करू नकोस." डॉमनिक बांधत गेला. संध्याकाळी जेकब मोजू लागला तर त्याला स्वतःला दोन दिवस लागतील तेवढ्या पेंढ्या एका दिवसात झालेल्या, आणि प्रत्येकीची गाठ सारखी. त्यानं एक गाठ सोडून पाहिली, पुन्हा बांधायला गेला, जमली नाही.

"ही दाखव," तो म्हणाला.

"तुम्ही मला वर घ्या, मग दाखवतो."

गुरुवारी डॉमनिक वर होता. आपल्याकडे कामट्या आणि सुंभ, तर इथं झाडाच्या कोवळ्या फांद्या चिरून, पिळून, केसात आकडा खोचावा तशा काडात ठोकायच्या. आपण काड आडवं दाबतो. हे लोक खाचांच्या फळीनं काडांची टोकं खालून वर अशी ठोकीत, की पाणी टोकावरून टोकावर उडी मारत वळचणीला जाई, आत शिरतच नसे. डॉमनिक एकेका ठोक्याला विचारी, "हे का? असं का?" जेकब वैतागून म्हणे, "तू हात चालवतोस की तोंड?" आणि मग सांगे.

शनिवारी दुपारी ढग उतरले. आढं, म्हणजे छपराचा माथा, अजून उघडं होतं, आणि जेकबचा गुडघा वर चढेना. डॉमनिक एकटाच आढ्यावर, घोड्यावर मांड ठोकावी तसा बसला. खाली जेकब शिडीच्या मधल्या पायरीवर आणि त्याच्या खाली लुगडं खोचावं तसा झगा खोचून हेस्टर. ती पेंढी जेकबला देई, जेकब वर फेकी. शेवटची फांदी ठोकली तेव्हा पहिले थेंब डॉमनिकच्या मानेवर पडत होते.

तिघं आत जाऊन बसले. पाऊस चढत गेला, तिघांच्या माना वर. एक घटका गेली. पलंग कोरडा, जमीन कोरडी.

"तुमच्याकडे मजुरी काय घेतात?" हेस्टरनं विचारलं.

"ज्याचं छप्पर, तो जेवायला घालतो."

तिनं चूल पेटवली. वाटाण्याचं कालवण, डुकराच्या मांसाचा तुकडा आणि पाव. तेवढ्यात साहेब छत्री घेऊन दारात आला.

"गळतंय?"

"बसा आणि तुम्हीच पाहा," हेस्टर म्हणाली आणि चौथं ताट मांडलं. साहेब बसला, जेवला. बोटीचं नाव त्यानं काढलं नाही. निघताना जेकबच म्हणाला, "सोमवारी पलीकडच्या गावचं कोठार शाकारायचंय. हा माझ्याबरोबर येईल."

"तो माझा माळी आहे, जेकब."

"असू दे. आठवड्यातले तीन दिवस असू दे. उरलेले माझे."

त्या उन्हाळ्यात डॉमनिकनं अकरा गावं पाहिली. कुठं दगडी पूल, त्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या. कुठं चौकात सहाशे वर्षांचा क्रूस, हात तुटलेला. कुठं गढीच्या पडक्या भिंतीत बकऱ्या बांधलेल्या. पहिल्याच सोमवारी, त्या कोठाराच्या आढ्यावर तो चढला तेव्हा धुकं फाटत होतं. टेकडीमागून टेकडी निघत होती, एकेकीच्या खोबणीत एकेक गाव, एकेक मनोरा, आणि प्रत्येक घरावर कुणीतरी कधीतरी बसून ठोकलेलं काड. त्या सगळ्या माणसांची नावं काय असतील? कोणत्या घरी काय जेवले असतील?

"अरे ए!" खालून जेकब ओरडला. "छप्पर शाकारायला आलास की गावं बघायला?"

"दोन्ही!" डॉमनिक म्हणाला, आणि डोळे तिकडेच ठेवून त्यानं पेंढीसाठी हात खाली केला.